तारण, लिलाव आणि विश्वास

बँक नको, सरकार नको, केवळ गणिताच्या आधारावर चालणारा पैसा आम्ही निर्माण करू, अशी प्रतिज्ञा आभासी चलनाचे पुरस्कर्ते गेली काही वर्षे करीत आहेत. २०१७ च्या डिसेंबरात प्रचारात आलेले ‘डाय’ हे नाणे या प्रतिज्ञेचे सर्वांत प्रामाणिक फळ होय. म्हणूनच त्याची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्याची रचना आपल्याकडील सोनेतारण कर्जाहून फारशी निराळी नाही. ‘इथर’ हे चलन कोणी गहाण ठेवावे, आणि त्यावर एका डॉलरच्या मोलाचे डाय कर्जाऊ घ्यावे. इथरचा भाव लहरी. म्हणून आरंभीच्या नियमानुसार शंभर डायसाठी किमान दीडशे डॉलरांचे तारण लागे. तारण त्याखाली घसरले, की संगणकातील करार आपण होऊन त्याचा लिलाव पुकारतो. तेथे मुदतवाढ नाही, रदबदली नाही, आणि पक्षपातही नाही.

परंतु १२ मार्च २०२० रोजी महामारीच्या भयाने इथर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळले. व्यवहारांची एकच गर्दी उसळली, बोली लावणारे वेळेवर पोहोचू शकले नाहीत, आणि ज्यांची बोली पोहोचली त्यांनी ऐंशी लाख डॉलरांहून अधिक किमतीचे तारण जवळजवळ फुकट पदरात पाडून घेतले. कित्येक कर्जदारांच्या हाती छदामही उरला नाही. नियम अक्षरशः पाळला गेला; न्याय मात्र झाला नाही.

त्यानंतर चालकांनी बँकांतील डॉलरांवर आधारलेले ‘यूएसडीसी’ नाणेही तारण म्हणून स्वीकारले. म्हणजे ज्या बँकांचा दरवाजा पुढून बंद केला, त्यांनाच मागील दाराने आत घेतले! मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. तीत यूएसडीसीचे ३३० कोटी डॉलर अडकले, आणि त्याबरोबर डायही नव्वद सेंटांखाली घसरले. ते सावरले कशाने? १२ मार्च रोजी अमेरिकन सरकारने ठेवीदारांस अभय दिले म्हणून!

मे २०२२ मध्ये पुरेशा तारणावाचून उभे असलेले ‘टेरा’चे नाणे धुळीस मिळाले, डाय मात्र टिकले, हे मान्य केलेच पाहिजे. तारणाला अर्थ आहे. परंतु संकटात धावून येणारा कोणीतरी लागतोच, हेही तितकेच खरे.

आपल्या सरकारने २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविला आहे. कर घेणे म्हणजे संरक्षण देणे नव्हे, हे आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनी विसरू नये. विश्वासाची गरज यंत्राने संपविलेली नाही. तिचा पत्ता तेवढा बदलला आहे. तो पत्ता ठाऊक नसेल, तर आपली पुंजी तेथे ठेवू नये हेच शहाणपणाचे.