चाचणीचा वेळ कोणाच्या खात्यावर?

चिलीमधील आटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीच्या पठारावर ‘आल्मा’ ही रेडिओ वेधशाळा आहे. युरोप, उत्तर अमेरिका व पूर्व आशियातील राष्ट्रांनी चिलीच्या सहकार्याने उभारलेल्या या वेधशाळेचे उद्घाटन मार्च २०१३ मध्ये झाले. तिच्या ६६ अँटेना मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीचे काम करतात. हे एकत्व सॉफ्टवेअरने साधलेले आहे. अँटेना कोठे रोखावयाच्या, त्यांचे संकेत कसे जुळवावयाचे, कोणत्या निरीक्षणाला कधी पाळी द्यावयाची, हे सारे त्याच्याच हाती. त्यात एखादी चूक शिरली, तर धडधाकट यंत्रसामग्रीही निरुपयोगी ठरते.

आणि हे सॉफ्टवेअर कधीच पूर्ण होत नाही. दर ऑक्टोबरमध्ये निरीक्षणांचे नवे वर्ष सुरू होते. खगोलशास्त्रज्ञांना नव्या सोयी देऊ केलेल्या असतात, म्हणून नवी आवृत्ती यावी लागते. ती वापरात आणण्यापूर्वी तपासली पाहिजे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो कोठे व किती तपासावी याचा. संगणकातच उभ्या केलेल्या प्रतिकृतीवर बरेच काही पारखता येते. परंतु अनेक अँटेना तासन्‌तास एकत्र चालू असतानाच उद्भवणारा दोष प्रतिकृतीत दिसेलच असे नाही. त्यासाठी खरी दुर्बीणच लागते, आणि मग तेवढा वेळ निरीक्षणातून कापावा लागतो.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. आल्माच्या वेळेला मागणी उपलब्धतेच्या कित्येक पट आहे. चाचणीस दिलेला प्रत्येक तास कोणा तरी संशोधकाला नाकारलेला असतो आणि तो वेळापत्रकात ठसठशीत दिसतो. उलट, न केलेल्या चाचणीची किंमत कोणत्याच खात्यावर एका जागी मांडली जात नाही. येथे अर्धा तास खंड पडला, तेथे निरीक्षण पुन्हा करावे लागले, कोठे काही महिन्यांनी नोंदी सदोष असल्याचे उमगले. अशी ती विखुरलेली असते. दिसणारा खर्च कापावा आणि न दिसणारा सोसावा, ही कोणत्याही प्रशासनाची स्वाभाविक ओढ. तिला वाईट हेतूची गरज नसते; वार्षिक अहवालात शोभणारे आकडे तेवढे पुरतात.

या ओढीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे जपानच्या ‘हितोमी’ या क्ष-किरण वेधशाळेने दाखविले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी ती अवकाशात गेली. २६ मार्च रोजी, यान स्थिर असताना ते फिरत आहे असा चुकीचा अंदाज त्याच्या नियंत्रण-प्रणालीने केला आणि नसलेले फिरणे थांबविण्याच्या खटपटीत ते खरोखरीच फिरू लागले. संकटात यान सावरणारी शेवटची व्यवस्था तरी कामी यावयाची; परंतु तिच्या छोट्या इंजिनांसाठी महिनाभरापूर्वी पाठविलेली मूल्येच चुकीची होती व ती नीट पडताळलेली नव्हती. फिरणे वाढत गेले, सौरपट्ट्या तुटल्या, आणि २८ एप्रिल रोजी मोहीम सोडून दिल्याचे जाहीर करावे लागले. त्या अल्प आयुष्यातही ययाति तारकासमूहातील दीर्घिकासंघाचे मोलाचे वेध तिने घेतले होते, ही हळहळ वाढविणारी गोष्ट. तिची वारसदार ‘क्रिझम’ अवकाशात जाण्यास सप्टेंबर २०२३ उजाडला.

ही मूल्ये दुसऱ्या नजरेखालून गेली असती तर? कोणत्याही कचेरीत व्हाउचर लिहिणारा ते मंजूर करीत नाही; परीक्षेची प्रश्नपत्रिकाही काढणाऱ्याच्या भरवशावर छापली जात नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आपल्याच कामावर ‘ठीक’ असा शेरा मारावा आणि तारीख गाठावयाची म्हणून वरिष्ठांनी मान डोलवावी, ही पद्धत त्याहून सैल आहे. आवृत्ती रोखण्याचा अधिकार लिहिणाऱ्यांच्या वरिष्ठाकडे न ठेवता स्वतंत्र तपासनिसाकडे हवा. मोठ्या वार्षिक बदलाऐवजी लहान लहान बदल वरचेवर आणले, तर दोष कशातून आला हे चटकन कळते. परिचित तेजस्वी स्रोताचा वेध जुन्या व नव्या आवृत्तीने घेऊन ताळा पाहणे, हीही स्वस्त आणि कठोर कसोटी आहे.

या सर्वांसाठी दुर्बिणीचा ठराविक वेळ वर्षारंभीच राखून ठेवला पाहिजे. फेब्रुवारीत, हवामान प्रतिकूल असते तेव्हा, आल्मा आपली नेहमीची निरीक्षणे थांबवून देखभाल उरकते. त्या महिन्याला कोणी अपव्यय म्हणत नाही. सॉफ्टवेअरची तपासणी हीदेखील देखभालच होय. फरक एवढाच की तिला वंगणाचा वास येत नाही.

हा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या महादुर्बिणीच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राचा प्रमुख वाटा आहे. खोडदच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. भारताच्या सहभागासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यांपैकी किती रक्कम व दुर्बिणीचे किती तास तपासणीसाठी राखले आहेत, असा प्रश्न एखाद्या खासदाराने संसदेत विचारला, तर तो गैरलागू ठरणार नाही.