टॅन्टलम : खिशातला धातू, बंदुकीच्या छायेतली खाण

मोबाइल संच मुठीत मावण्याइतका लहान झाला, त्यात टॅन्टलम या करड्या, जड धातूचा वाटा मोठा आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये शोधलेला हा धातू सुमारे तीन हजार अंश सेल्सियसला वितळतो आणि बहुतेक आम्लांना दाद देत नाही. त्याच्यावरील ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर उत्तम विद्युतरोधक असल्याने इवल्याशा जागेत पुरेसा विद्युतभार साठवणारे कपॅसिटर त्यापासून बनतात. विमानांच्या इंजिनांतील मिश्रधातूंतही तो वापरला जातो.

प्रश्न आहे तो हा धातू येतो कोठून, याचा. अलीकडच्या काळात जागतिक उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक टॅन्टलम काँगो व रवांडा या दोन देशांतून आले आहे. पूर्व काँगोत त्याचे खनिज, कोल्टान, मजूर कुदळ-फावड्यांनी खणून काढतात. २००० साली त्याचे भाव अनेक पटींनी भडकले आणि तेथील युद्धातील सशस्त्र गटांना उत्पन्नाचे आयतेच साधन मिळाले.

यावर उपाय म्हणून २०१० मध्ये अमेरिकेने कायदा केला. आपल्या मालातील खनिज काँगो वा शेजारच्या देशांतले आहे काय, याची चौकशी करून ती माहिती जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. खाणीवरच पोत्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावण्याची पद्धतही रूढ झाली. मात्र अनेक खरेदीदारांनी चौकशीची कटकट टाळण्यासाठी काँगोकडेच पाठ फिरवली आणि त्याचा फटका कष्टकरी मजुरांना बसला.

एप्रिल २०२४ मध्ये ‘एम-२३’ या बंडखोर संघटनेने उत्तर किवू प्रांतातील रुबायाच्या खाणींचा ताबा घेतला, तेव्हा या व्यवस्थेची मर्यादा उघडी पडली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानुसार, तेथील करवसुलीतून बंडखोरांना दरमहा किमान आठ लाख डॉलर मिळू लागले आणि तस्करीने नेलेले खनिज रवांडाच्या मालात मिसळले जाऊ लागले. बंडखोरांना पाठबळ दिल्याचा आरोप रवांडाने सातत्याने नाकारला आहे.

खाण बंदूकधाऱ्याच्या हाती असेल, तर पोत्यावरील चिठ्ठी निरर्थक ठरते आणि भट्टीत वितळल्यावर धातूचे मूळ सांगता येत नाही. खाणी व दलाल असंख्य असले, तरी टॅन्टलम शुद्ध करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. तेव्हा खरी तपासणी या कारखान्यांच्या दारातच व्हायला हवी. सरसकट बहिष्कार सोपा असला, तरी त्याची किंमत मजूरच मोजतो.