जुनं सॉफ्टवेअर काढण्याचेही पैसे धरा

मी एका नागरी सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळते. नवी प्रणाली सुरू होते त्या दिवशी नारळ फुटतो, पेढे येतात, संचालक मंडळी सर्व्हर रूमच्या दारात फोटो काढतात. तिच्यामुळे निरुपयोगी झालेलं जुनं सॉफ्टवेअर कोणी काढायचं, याचा उल्लेख मात्र ना टेंडरमध्ये असतो, ना बिलात. विचारलं की व्हेंडर म्हणतो, “राहू दे ना मॅडम, कुठं काय मागतंय?” मला हे उत्तर मान्य नाही.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं उदाहरण मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. तिच्या प्रणालीतला ‘पॉवर पेग’ नावाचा भाग २००३ मध्येच वापरातून गेला होता, पण सर्व्हरवर तसाच पडून होता. २०१२ च्या जुलैअखेरीस आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठवा राहिला आणि दुसऱ्या कोणी तपासलं नाही. त्यात नव्या कोडने पॉवर पेगचीच जुनी खूण वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या सर्व्हरवरचा पॉवर पेग जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला.

घबराटीत कर्मचाऱ्यांनी नवा कोड अनइन्स्टॉल केला, तोही नीट चाललेल्या सात सर्व्हरवरून. तिथंही खाली जुना पॉवर पेग होताच. आता आठही सर्व्हर चुकीच्या ऑर्डरी सोडू लागले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांवर व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी अमेरिकी बाजार नियामकाने १.२ कोटी डॉलर दंडही केला.

न काढलेल्या सॉफ्टवेअरने घात केला आणि घाईने काढल्यामुळे तो वाढला. म्हणूनच काढण्याचं काम शांत डोक्याने, आधी लिहून तपासलेल्या स्क्रिप्टनेच व्हावं, असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता, दमलेल्या माणसाने एकेका सर्व्हरवर माऊस फिरवत ते करू नये.

विंडोज सर्व्हरवर यासाठी ‘अनइन्स्टॉल-विंडोजफीचर’ ही आज्ञा आहे. तिला ‘व्हॉटइफ’ जोडलं की काहीही न काढता काय काय जाईल ते दाखवते. ‘रिमूव्ह’ जोडलं नाही, तर तो भाग बंद होतो पण त्याच्या फाइली डिस्कवरच राहतात. हा फरक कित्येकांना ठाऊक नसतो आणि ‘काढलं’ अशी नोंद होऊन जाते. माझी स्क्रिप्ट आधी त्या भागाला कोण जोडलं जातंय ते नोंदवते, चाचणीच्या सर्व्हरवर चालते, मग बाकीच्यांवर. शेवटी ती प्रत्येक सर्व्हरला पुन्हा विचारते, ‘अजून आहे का?’ नाइटमध्ये हा शेवटचा प्रश्न कोणी विचारला असता, तर आठवा सर्व्हर सापडला असता.

हे परदेशातलं दुखणं म्हणून सोडून देता येणार नाही. ‘एसएमबी-१’ हा फाइली देण्याघेण्याचा जुनाट प्रोटोकॉल जगभरच्या यंत्रांवर केवळ राहून गेला होता. त्यातल्या दोषाचा पॅच मार्च २०१७ मध्ये आला. पुढे मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या ही घातक सॉफ्टवेअर याच दोषाचा फायदा घेत पसरली. नॉटपेट्याने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या यंत्रणा बंद पाडल्या, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडलं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत सोय केली: पंधरा दिवस एसएमबी-१ वापरलाच गेला नाही, तर तो आपोआप निघून जातो. आधी वापर मोजायचा, मग काढायचं, हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

बँका, नगरपालिका, रुग्णालयं यांनी पुढच्या टेंडरमध्ये एवढं घालावं: जुनी प्रणाली काढणारी स्क्रिप्ट नव्या प्रणालीसोबतच द्यायची, ती आमच्यासमोर चाचणीच्या सर्व्हरवर चालवून दाखवायची आणि सगळ्या सर्व्हरचा ‘काढलं’ हा अहवाल हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाही.