बोंडातली उत्क्रांती

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला. बोंड वरून हिरवेगार. फोडले की आत गुलाबी अळी आणि किडका, पिवळट कापूस. बियाणे तर बीटीचे, अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणारे. साहजिकच 'बियाणे बोगस' असा गलका झाला. बोगस बियाणे बाजारात असतेच, त्याबद्दल वाद नाही. पण अस्सल बियाण्याच्या शेतातही अळी होती. बदलली होती ती अळीच.

हे विष अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट प्रथिनाला चिकटते आणि आतडे फोडते. ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकात क्वचित एखाद्या अळीत जन्मतःच बारीकसा फरक असतो. मग विषाला चिकटायला जागाच उरत नाही. मात्र हा फरक आई-बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. एकाकडूनच आला तर मरते. सारी मेख इथेच आहे.

म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे मिळे, शेताच्या कडेने पेरायला. त्या ओळींत साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी संकर व्हावा आणि पिल्लांना तो फरक एकाच बाजूने मिळावा. अळी पोसायची, ती अळी मारण्यासाठी! बहुतेकांनी ते पाकीट पेरलेच नाही. पण डोक्यावर पीककर्ज असलेल्या पाच एकरवाल्याला 'अळीसाठी ओळी सोड' म्हणणे मला तरी क्रूर वाटते. बँकेत असताना पीककर्जाचे कागद मी वर्षानुवर्षे तपासले. बियाणे, खत, फवारणी, सगळ्याला रकाना होता. या ओळींना नव्हता.

'अळी विषाला सरावली' असे आपण म्हणतो. एकही अळी सरावत नाही. साध्या मरतात, वेगळ्या उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. एका हंगामात अनेक पिढ्या, वर पुन्हा फरदडीत मुक्काम. चक्रवाढ व्याज असेच चढते. भारतात बीटी आले २००२ साली, दोन विषांचे बियाणे २००६ मध्ये. २०१० पर्यंत गुजरातेत पहिले विष निकामी ठरल्याचे जाहीर झाले आणि पुढल्या काही वर्षांत दुसरेही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात अळी हीच, पहिले विषही हेच. तिथे १९९६ पासून साधा कापूस नेमाने राखला गेला आणि विष टिकले. २००६ पासून विमानांतून वांझ पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेचा कापूसपट्टा या अळीपासून मुक्त जाहीर झाला. तिथला शेतकरी अधिक शहाणा म्हणून नव्हे; शेकडो एकरांच्या धन्याला काही ओळी सोडणे परवडते.

आपल्याकडे आता सल्ला मिळतो तो असा: कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. सल्ला बरोबरच आहे. पण फरदडीची एखादी वेचणी म्हणजे घरात येणारा रोख पैसा. तो कोणी भरून द्यायचा, याबद्दल पत्रकात अक्षर नसते.