अल्टरनेटर बदलण्याआधी मोजा
वाशीच्या बाजारात भाजी पहाटे पोचली तरच भाव. पण जुन्या पिकअपचे दिवे खारघरला, बाजार तोंडाशी आलेला असताना, मंदावतात. एकदा बंद पडली की स्टार्ट होत नाही. गॅरेजवाला अल्टरनेटर बदलतो, महिन्याने पुन्हा तेच! मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. कमी भरले तर आधी पट्टा पाहा, मग टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी. पावसाने, खाडीच्या खाऱ्या हवेने ती गंजते. तिथे नवा अल्टरनेटर बिचारा काय करणार? चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग' पाहणाऱ्याला तर गाडीला हात लावू देऊ नका, डायोड जळतात. मालाचे वजन आपण काट्यावर पडताळतो, मग व्होल्टचे का नाही? प्रत्येक तालुक्याने एक मीटर घ्यावा आणि काढलेला जुना भाग गॅरेजकडून मागून घ्यावा.