सोडून देण्याचे पाप

मे-जून हा वऱ्हाडात बदल्यांचा हंगाम असतो. शाळा, कचेऱ्या, बँका आणि पोलीस ठाण्यांतून आदेश निघतात, बिऱ्हाडे हलतात, कपाटे, गाद्या, तुळशीचे वृंदावनसुद्धा टेम्पोत चढते. त्याच सुमारास विद्यार्थी परीक्षा आटोपून खोल्या रिकाम्या करतात आणि आपापल्या गावी जातात. या सर्व उलाढालीत एका जिवाचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. सरकारी निवासस्थानाच्या ओट्यावर वाढलेले कुत्रे, खोलीवरच्या मुलांनी दूध-बिस्किटांवर पोसलेले पिलू, गृहिणीच्या पायांत घोटाळणारे मांजर यांचे पुढे काय झाले, हे नव्या भाडेकरूलाही ठाऊक नसते आणि जुन्या मालकाला विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. अमरावती काय किंवा अकोला काय, शहराच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाशी, भाजीबाजाराच्या मागे जी कुत्री-मांजरे दिसतात, ती सगळीच रस्त्यावर जन्मलेली नसतात. त्यांतील काहींच्या गळ्यात पट्ट्याचा व्रण अजून ताजा असतो.

या प्रश्नाचे मूळ आपल्या समाजाच्या एका चमत्कारिक नीतिकल्पनेत आहे. मुक्या जिवाला मारणे हे पाप, यावर येथे फारसा वाद नाही. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते, ही समजूत आजही घरोघरी सांगितली जाते. दुसरीकडे, जनावर आयुष्यभर पाळणे हा खर्चाचा आणि कटकटीचा मामला. तेव्हा मारायचे नाही आणि सांभाळायचेही नाही, अशा पेचातून समाजाने एक सोयीची पळवाट काढली आहे, ती म्हणजे ‘सोडून देणे’. पोत्यात घालून मांजर दुसऱ्या पेठेत सोडायचे, मोटारीत बसवून कुत्रे पोहऱ्याच्या जंगलाकडे किंवा चिखलदऱ्याच्या घाटात उतरवायचे, आणि ‘आपले नशीब घेऊन आले आहे, जगेल कुठेतरी’ असे म्हणून हात झटकायचे. हाताला रक्त लागत नाही, म्हणून मनालाही डाग लागत नाही. वस्तुतः घरात वाढलेल्या जनावराला अन्न शोधण्याची सवय नसते, परक्या टोळीतील कुत्री त्याला थारा देत नाहीत, आणि पारा ४५ अंशांच्या वर गेलेल्या अकोल्याच्या उन्हात पाण्याचे एक भांडे शोधणे हीही त्याच्या दृष्टीने जीवन-मरणाची परीक्षा ठरते. सोडणाऱ्याने जे मरण आपल्या डोळ्यांआड ढकललेले असते, ते टळलेले नसते. फक्त लांबलेले असते.

कायद्याचा धाक किती?

कायद्याने ही पळवाट मान्य केलेली नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा स्वच्छ शब्दांत गुन्हा ठरवला आहे. परंतु शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड. १९६० साली ५० रुपयांना काही किंमत होती. आज एवढ्या पैशांत कुत्र्याला गावाबाहेर नेण्याचे रिक्षाभाडेही भागत नाही. गुन्ह्यापेक्षा गुन्ह्याचा प्रवासखर्च अधिक, अशी ही विपरीत अवस्था आहे. ज्या कायद्याचा धाक नाही आणि ज्याची माहितीही नाही, तो पुस्तकातच राहतो. म्हणून या प्रश्नाचा निकाल न्यायालयापेक्षा घराच्या उंबरठ्यावर लागण्याचीच शक्यता जास्त आहे.

वऱ्हाडचा वारसा

आणि उंबरठ्यावरच्या या विचाराला वऱ्हाडच्या मातीत आधार नाही, असे कोण म्हणेल? अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात, पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आल्याची लीळा आहे. शरण आलेल्याला परत करायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. पण मराठी गद्याच्या पहाटेलाच तो सांगितला गेला, हे विसरण्याजोगे नाही. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध जन्मभर कीर्तने केली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा यांच्याच पंक्तीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे सूत्र आहे. ती दशसूत्री आज कितीतरी शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर रंगवलेली आढळते. त्याच भिंतीच्या आडोशाला कोणी रात्री पिलांची टोपली ठेवून जातो, हा विरोधाभास रंगाच्या दुसऱ्या हाताने झाकला जाणार नाही.

समाजाने टाकलेल्यांना जवळ करण्याची परंपराही येथे जिवंत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले, ते घरच्यांनीच दाराबाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांसाठी. परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी, कोणी स्थानकावर तर कोणी उकिरड्यावर टाकलेल्या अपंग मुला-मुलींना आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. माणसाच्या लेकराची आणि मांजराच्या पिलाची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तुलना आहे ती टाकणाऱ्याच्या मनोवृत्तीची. जो जीव बोलू शकत नाही, तक्रार करू शकत नाही आणि उपयोगी पडत नाही, त्याच्याबद्दलचे उत्तरदायित्व संपले असे मानणारे मन दोन्हीकडे एकच असते.

अकोल्यात तर एका प्रमुख रस्त्यालाच ‘गोरक्षण’ हे नाव आहे. भाकड गाईंसाठी लोकवर्गणीतून आसरा उभारण्याची रीत वऱ्हाडला परकी नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याचे फर्मान काढले, तेव्हा पारशी समाजाने बाजार बंद पाडला आणि दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभी राहिली. गाईला जो आसरा श्रद्धेने मिळतो, तो कुत्र्याला करुणेने मिळावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

भीती खोटी नाही

तथापि या विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती भूतदयेच्या उमाळ्यात वाहून जाऊ देता कामा नये. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी आणि एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. रात्रपाळीहून दुचाकीने परतणाऱ्याचा पाठलाग होतो, शाळेच्या वाटेवर मुलाला चावा बसतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांतील बहुतेकांना तो कुत्र्यापासूनच होतो. त्यात गरिबांची आणि मुलांची संख्या मोठी. ज्याच्या लेकराला चावा बसला, त्याला दयेवर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु भीती खरी असली म्हणून तिच्यावर सुचवलेला प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. मार्च २०२३ मध्ये अचलपूरच्या तत्कालीन आमदारांनी, राज्यातील भटकी कुत्री आसामला पाठवावीत, अशी सूचना विधानसभेत केली. तिचे पडसाद थेट आसामच्या विधानसभेत उमटले आणि तेथे गदारोळ झाला. विनोद म्हणून सोडून द्यावी अशी ही सूचना नव्हती. कारण तिच्यामागचा विचार आणि पोत्यात मांजर घालून पलीकडच्या पेठेत सोडणाऱ्याचा विचार एकच आहे. आपल्या दारचा प्रश्न दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकला की तो सुटला, हाच तो विचार. योगायोग असा की त्याच महिन्यात केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम लागू केले. कुत्री पकडावीत, त्यांची नसबंदी करावी, त्यांना रेबीजची लस टोचावी आणि जेथून उचलली तेथेच सोडावीत, हे त्या नियमांचे सार. जागा रिकामी झाली की अन्नाच्या ओढीने तेथे नवी, लस न टोचलेली कुत्री येतात, हा अनुभव त्यामागे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये याच तत्त्वाला दुजोरा देताना रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा अपवाद केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतून कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. ऑगस्टच्या आदेशातील एक वाक्य मात्र प्राणिप्रेमींनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यास महापालिकेकडे अर्ज करता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे न्यायालयाने बजावले आहे. म्हणजे दया करण्याची मुभा आहे. ती अर्धवट सोडण्याची नाही.

दत्तक म्हणजे काय?

येथेच जीवरक्षणाच्या उत्साही चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. जखमी पिलू उचलून आणणे, त्याला पट्टी बांधणे, त्याचे छायाचित्र सर्वत्र पाठवणे आणि पहिला मागणारा भेटताच त्याच्या हवाली करणे, एवढ्याने काम संपत नाही. हौसेने नेलेले पिलू वाढले, भुंकू लागले, पायपोस कुरतडू लागले की तेच घर त्याला बाहेरचा रस्ता दाखवते. पहिल्यांदा टाकलेल्या जिवाला दुसऱ्यांदा टाकले जाते, आणि या दुसऱ्या टाकण्यात देणाऱ्याचाही वाटा असतो. घर भाड्याचे आहे काय, मालकाची संमती आहे काय, दिवसभर घरात कोण असते, उन्हाळ्यात गावी जाताना व्यवस्था काय, बदली झाली तर सोबत नेणार काय, हे प्रश्न पिलू देण्यापूर्वी विचारलेच पाहिजेत. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन पाहिलेही पाहिजे. मुलगी देताना घर पाहणाऱ्या समाजाला ही रीत शिकवावी लागू नये.

पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी. योग्य वयात नसबंदी करावी. हे तीन नियम पाळले गेले तरी अर्धा प्रश्न मिटेल. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. तेव्हा ‘एवढीशी तर आहे’ म्हणून शस्त्रक्रिया टाळणारा पुढच्या वर्षी पोत्याकडे वळतो. आणखी एक कटू गोष्ट म्हणजे माद्यांची उपेक्षा. पिलांच्या टोपलीतून नर आधी उचलले जातात आणि माद्या उकिरड्यावर पोचतात. मादीला पिल्ले होतील या भीतीने तिला टाकले जाते, आणि टाकल्यामुळेच तिला रस्त्यावर पिल्ले होतात. एका नसबंदीने जे थांबले असते, ते वर्षाकाठी दोन वेतांपर्यंत वाढते.

विकतच्या परदेशी कुत्र्यांचा शौक हाही या प्रश्नाचा एक पदर आहे. थंड प्रदेशातील दाट केसांचा हस्की वऱ्हाडच्या वैशाखात आणून बांधणे ही हौस नसून शिक्षा आहे. आणि त्याच्या आजारपणाचा खर्च डोईजड झाला की तोही एके दिवशी रस्त्यावर येतो. गल्लीतले गावठी पिलू या मातीच्या उन्हाला सरावलेले असते, थोडक्यात भागवते आणि राखणही चोख करते. प्रतिष्ठेची कल्पना तेवढी बदलावी लागेल.

शहराच्या कडेला टाकलेल्या कुत्र्यांचा उपद्रव तेथेच थांबत नाही. पोहरा-मालखेडचे जंगल अमरावतीला भिडलेले आहे. कुत्र्यांच्या शिकारीसाठी बिबटे वस्तीजवळ येतात आणि मग माणूस व बिबट्या दोघांचाही जीव धोक्यात येतो. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग वन्य श्वापदांनाही होऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यातील काहींत याच रोगाचे विषाणू आढळले होते. मेळघाटचा वाघ ज्या जिल्ह्याचे भूषण आहे, त्या जिल्ह्याने घाटात कुत्रे सोडणाऱ्या मोटारीकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

कोणी काय करावे?

उपाय अवघड नाहीत. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. तेथील ज्ञान आणि दोन्ही महापालिकांचा निधी यांची सांगड घातली तर नसबंदी व लसीकरणाचे काम वर्षभर चालू शकते. महापालिकांनी पाळीव जनावरांची नोंदणी कागदावरून प्रत्यक्षात आणावी आणि एक दत्तक-नोंदवही उघडावी. ज्याला खरोखरच जनावर ठेवणे अशक्य झाले, त्याने ते रस्त्यावर सोडण्याऐवजी तेथे नोंद करावी, म्हणजे घर शोधण्यास अवधी मिळेल. शिक्षकांनी दशसूत्री पाठ करून घेताना तिचा अर्थ गल्लीतल्या पिलापर्यंत नेऊन पोचवावा, आणि कुत्रे चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी, हेही त्याच तासाला शिकवावे. करुणा आणि सावधगिरी यांत वैर नाही. विद्यार्थ्यांनी, चार वर्षांचे शिक्षण आणि बारा वर्षांचे कुत्रे यांचा हिशेब खोलीवर पिलू आणण्याआधी मांडावा. आणि बदलीचा आदेश हाती पडलेल्या कारकुनाने सामानाच्या यादीत एक नाव अधिक लिहावे.

जनावर पाळण्याची सक्ती कोणावरही नाही. ज्याला जमत नाही त्याने पाळू नये, यात कमीपणा नाही. परंतु एकदा भाकरीचा तुकडा नियमाने एखाद्याच्या पुढे टाकला, त्याला नाव दिले आणि त्या नावाला तो ओळखू लागला, की एक करार झालेला असतो. त्यावर सही एकाच पक्षाची असते. दुसरा पक्ष सही करू शकत नाही, म्हणूनच पहिल्याने तो मोडता कामा नये.