नांगर आहे, नांगरणारा कुठे?

ग्रँट वुड (१८९१-१९४२) या अमेरिकन चित्रकाराविषयी लिहिताना 'मातीशी इमान राखणारा', 'ग्रामीण वास्तवाचा भाष्यकार' ही विशेषणे इतक्या सवयीने वापरली जातात की ती तपासून पाहावीत असे कुणालाच वाटेनासे झाले आहे. आम्हांला मात्र ती तपासावीशी वाटतात.

१९३१ सालचे 'फॉल प्लाउइंग' हे चित्र घ्या. समोर जमिनीत रुतलेला लोखंडी नांगर आहे. मागे गोलसर टेकड्या, ओळीने रचलेले मक्याचे भारे आणि दूरवर घरे दिसतात. नांगरामागे मात्र कोणीच नाही. ना माणूस, ना घोडा. त्याच सुमारास आयोवा राज्यात मक्याचे भाव कोसळले होते, गहाण पडलेल्या शेतांचे लिलाव होत होते. १९३२ मध्ये शेतकऱ्यांनी सू सिटीकडे जाणारे रस्ते अडवले. एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स येथे जप्तीचे हुकूम थांबवावेत म्हणून जमावाने न्यायाधीशाला न्यायालयातून ओढून बाहेर काढले आणि त्याच्या गळ्यात फास अडकवला. यानंतर १९३६ साली वुडने 'स्प्रिंग टर्निंग' रंगवले. त्यातल्या गुबगुबीत हिरव्या टेकड्यांवर नांगरणारी माणसे आहेत, पण मुंगीएवढी. आणि ट्रॅक्टर शेतोशेती येत असताना त्यांच्यापुढे घोडेच आहेत. योगायोग असा की 'फॉल प्लाउइंग' आज जॉन डिअर या नांगर व ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या संग्रहात आहे. शेतकरी नसलेले शेत कंपनीच्या भिंतीवर शोभून दिसत असणार!

'अमेरिकन गॉथिक' (१९३०) या सर्वांत गाजलेल्या चित्राची गत काय? हातात तीन दात्यांचे दाताळे धरलेला तो 'शेतकरी' सीडर रॅपिड्सचा दंतवैद्य होता आणि शेजारची स्त्री ही वुडची बहीण. दोघेही चित्रासाठी एकत्र उभे राहिले नव्हते. यात गैर काहीच नाही. चित्रकार जमेल तिथून चेहरा घेतो. पण मग त्याला वास्तवाचे प्रमाणपत्र कशासाठी?

यावर ठरलेले उत्तर येते : चित्रकार म्हणजे वार्ताहर नव्हे. मान्य! परंतु तोच बचाव करणारी मंडळी पुढच्याच परिच्छेदात 'अस्सल मातीचा गंध' घेऊन येतात. दोन्ही बाजूंनी बोलण्याची ही सोय आम्हांला मान्य नाही.

खरे तर वुड स्वतः याहून प्रामाणिक होता. वडील वारले तेव्हा, १९०१ मध्ये, दहा वर्षांच्या ग्रँटचे शेत सुटले आणि कुटुंब शहरात आले. त्याची शेते ही त्या मुलाच्या आठवणीतली शेते आहेत. 'डिनर फॉर थ्रेशर्स' (१९३४) या चित्रात मळणीला आलेले गडी लांबलचक मेजावर जेवत आहेत, बायका वाढत आहेत. गड्यांचे चेहरे उन्हाने रापलेले, पण टोपीखाली राहिलेले कपाळ पांढरेफटक. हे निरीक्षण शेतावर वाढलेल्यालाच सुचावे. याच चित्रात कोठाराच्या माथ्यावर वुडने साल लिहून ठेवले आहे : १८९२. म्हणजे आपल्या जन्मानंतरचे वर्ष, चित्रापूर्वीची बेचाळीस वर्षे.

'ग्रामीण वास्तव' शिकवताना हे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी निदान त्या चार आकड्यांवर बोट ठेवावे.